मालगाडीचा सांधा
(नभोवाणीवरील भाषण)

रेल्वेच्या फाटकाशीं आपण अडकून पडतों, समोरून मालगाडी जाऊं लागते, आणि वेळ जावा म्हणून लहान मुलांबरोबर आपणही वाघिणी मोजूं लागतों. कोळशाच्या, तेलाच्या, धान्याच्या अशा चाळीस-पन्नास वाघिणी खडखडत निघून जातात. त्या मोजतांना दोन वाघिणींच्या मधल्या जागेकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तेथें लोखंडाच्या दोन मुठी एकमेकींत अडकलेल्या असतात. दोन्ही हातांचीं बोटें आंकड्यासारखीं वाकवून एकमेकांत गुंतवावींत, तसा तो सांधा दिसतो. एक वाघीण दुसरीवर येऊन टेकली कीं तो आपोआप लागतो. तो लावण्यासाठीं माणसाला दोहोंच्या मध्यें उभें राहावें लागत नाहीं. या सांध्याचें रूप मुळांत अमेरिकेंत, १८८७ सालीं ठरलें. आणि तें ठरविलें एका व्यवसायसंघानें. त्या संघाला काय साधलें व काय साधलें नाहीं, याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें, आणि त्यानंतर तेथें लोहमार्गांचें जाळें झपाट्यानें पसरूं लागलें. परंतु त्या जाळ्याचा धनी एक नव्हता. शेंकडों कंपन्यांनीं आपापले तुकडे बांधले होते. आयोवा प्रांतांतील धान्य न्यूयॉर्कच्या बंदराला पोंचेपर्यंत वाटेंत कित्येक कंपन्यांच्या हद्दी ओलांडी. प्रत्येक हद्दीवर माल उतरवून दुसऱ्या वाघिणींत भरावयाचा म्हणजे काय, हें आपल्याकडे ज्यांनीं जुनें मनमाड स्टेशन पाहिलें असेल त्यांना सांगावयास नको. तेथें रुंद व अरुंद असे दोन प्रकारचे रूळ भेटत, आणि एका गाडीतला माल हमालांच्या पाठीवरून दुसरीत चढे. त्यांत वेळ जाई, मजुरी जाई आणि मालाचीही नासधूस होई. अमेरिकन कंपन्यांनीं यावर उपाय काढला तो असा कीं, माल उतरवावयाचाच नाहीं. भरलेली वाघीणच शेजारच्या कंपनीच्या स्वाधीन करावयाची.

उपाय सोपा दिसतो. पण त्याच्या पोटीं नवे तंटे होते. परक्याची वाघीण आपल्या मार्गावर मोडली तर ती दुरुस्त कोणीं करावी? खर्च कोणीं सोसावा? मूळचीच ती कुजकी होती, कीं वापरणाऱ्यानें ती बेपर्वाईनें आदळली? हे तंटे मिटविण्यासाठीं निरनिराळ्या कंपन्यांच्या डबे-बांधणी खात्यांचे प्रमुख १८६७ सालीं एकत्र आले व त्यांनीं ‘मास्टर कार बिल्डर्स असोसिएशन’ या नांवाचा संघ स्थापन केला. हे लोक भांडवलवाले किंवा संचालक नव्हते. कारखान्यांत उभें राहून ज्यांचें आयुष्य गेलें, असे हे जाणते कारागीर होते. त्यांनीं परक्या वाघिणींविषयीं नियम केले. कोणता दोष मालकाच्या माथीं मारावयाचा व कोणता वापरणाऱ्याच्या, दुरुस्तीचा आकार कोणत्या दरानें लावावयाचा, हें सारें त्यांनीं लिहून काढलें. कोर्टाचें तोंड न पाहतां हजारों किरकोळ हिशेब त्या नियमांनीं मिटूं लागले.

येथें एक मौजेची अडचण उभी राहिली. एकाच लोखंडी तुकड्याला एका कारखान्यांत एक नांव, तर दुसऱ्यांत दुसरें. दूरच्या गांवीं वाघीण मोडली, तिचा भाग मागविण्यासाठीं तार केली, तर येई भलताच भाग! म्हणून १८७१ च्या अधिवेशनांत संघानें एक समिति नेमली आणि वाघिणीच्या प्रत्येक अवयवाचें नांव ठरवून सचित्र कोश करण्याचें काम तिच्याकडे दिलें. तो कोश मथायस फॉर्नी या व्यासंगी संपादकाच्या हातून १८७९ सालीं प्रसिद्ध झाला. परिभाषेचे कोश रचण्याचें काम पंडितांचें, अशी आपली समजूत असते. येथें तें काम लोहार-सुतारांच्या गरजेंतून झालें, आणि पुढें पिढ्यान् पिढ्या त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

परंतु नांवांच्या घोटाळ्यानें पैसा व वेळ जात होता. सांध्याच्या घोटाळ्यानें माणसें जात होतीं.

त्या काळीं वाघिणी जोडण्याची तऱ्हा कडी-खिट्टीची होती. एका वाघिणीच्या तोंडीं लोखंडाची लांबट कडी अडकविलेली असे. दुसरी वाघीण हळूहळू जवळ येई. त्या वेळीं ब्रेकमननें दोहोंच्या मध्यें उभें राहावयाचें, कडी हातानें उचलून समोरच्या खोबणींत घालावयाची, आणि दोन्ही तोंडें एकमेकांना भिडण्यापूर्वी हात मागें घेऊन वरून खिट्टी सोडावयाची. हात मागें घेण्यास क्षणाचा उशीर झाला तर बोटें चिरडलीं. पाय घसरला तर प्राण गेला. नोकरी मागावयास आलेल्या ब्रेकमनचीं बोटें तुटलेलीं दिसलीं, कीं हा मनुष्य अनुभवी आहे असें समजत, अशी आठवण त्या काळाविषयीं सांगतात. ब्रेक लावण्याची तऱ्हाही तितकीच भयंकर होती. धांवत्या गाडीच्या टपांवरून, पावसांत व बर्फांत, एका वाघिणीवरून दुसरीवर उड्या मारीत जावयाचें आणि प्रत्येक वाघिणीचें चाक हातानें फिरवावयाचें!

आयोवा प्रांतांतील लोरेन्झो कॉफिन नांवाच्या एका शेतकऱ्यानें १८७४ सालीं अशाच एका ब्रेकमनचीं बोटें आपल्या डोळ्यांदेखत चिरडलेलीं पाहिलीं. पुढें हा गृहस्थ त्या प्रांताचा रेल्वे-कमिशनर झाला. त्यानें वर्तमानपत्रांना पत्रें लिहिलीं, सभा गाजविल्या, आणि संघाच्या अधिवेशनांत जाऊन अध्यक्षांचे कानही किटविले. आरंभीं त्याची गणना विक्षिप्तांत झाली. पण त्यानें पिच्छा सोडला नाहीं.

कोणी विचारील, कंपन्या इतक्या निर्दय होत्या काय? कांहीं होत्या, यांत शंका नाहीं. जखमी कामगारानें आपण होऊन धोका पत्करला असें म्हणून हात झाडणाऱ्या कंपन्या थोड्या नव्हत्या. परंतु सज्जन कंपनीलाही एकटीला कांहीं करतां येत नव्हतें, ही या प्रकरणांतली खरी मेख होती. समजा, एका कंपनीनें आपल्या सगळ्या वाघिणींना नवा आपोआप लागणारा सांधा बसविला. उद्यां त्या वाघिणी शेजारच्या मार्गावर गेल्या, तेथें जुन्या कडी-खिट्टीशीं गांठ पडली, कीं ब्रेकमनला पुन्हा मध्यें शिरणें आलेंच. शिवाय सांध्यांचीं पेटंटें हजारोंनीं निघालीं होतीं आणि त्यांतलीं बहुतेक एकमेकांशीं जुळत नव्हतीं. सांध्याला किंमत येते ती समोरच्या सांध्याशीं तो जुळतो तेव्हां. म्हणून हा प्रश्न एकट्यादुकट्याच्या हातचा नव्हता. तो सर्वांनीं मिळूनच सोडवावयास हवा होता.

संघानें तो हातीं घेतला. १८८५ सालीं बफेलो शहरीं चाळिसाच्या आसपास सांधे मांडून त्यांची परीक्षा झाली. १८८६ व १८८७ सालीं बर्लिंग्टन येथें पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या उतारावरून सोडून ब्रेकांचे प्रयोग करण्यांत आले. हवेच्या ब्रेकचा जनक जॉर्ज वेस्टिंगहाउस याचा ब्रेक तेव्हां सर्वांत नांवाजलेला. पण इतक्या लांब गाडींत त्याचा परिणाम शेवटच्या वाघिणीला पोंचेपर्यंत पुढच्या वाघिणी थांबत, आणि मागच्या त्यांच्यावर आदळून आंत बसलेले परीक्षक उलथेपालथे होत. संघानें मुलाहिजा न ठेवतां हा दोष दाखविला. वेस्टिंगहाउसनेंही तो मान्य करून थोड्याच महिन्यांत आपली झडप सुधारली, आणि त्याच सालीं पन्नास वाघिणींची गाडी धक्का न बसतां थांबवून दाखविली. परीक्षा कडक असली म्हणजे कारागिराची बुद्धि कशी जागी होते, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

सांध्याच्या बाबतींत निवड झाली ती व्हर्जिनियाच्या ईली जेनी याच्या कृतीची. हा पूर्वीं दक्षिणेच्या सैन्यांत मेजर होता; युद्धानंतर तो एका कापडाच्या दुकानांत काम करी, आणि फावल्या वेळीं लांकडाचे नमुने कोरीत बसे. त्याला १८७३ सालीं पेटंट मिळालें होतें. १८८७ सालीं संघानें टपालानें सभासदांचीं मतें घेऊन त्याच्या जातीचा सांधा प्रमाण म्हणून मान्य केला. परंतु एकाच्या पेटंटवर साऱ्या देशाचा कारभार कसा चालावा? तेव्हां जेनीच्या कंपनीनें सांध्याच्या तोंडाच्या आकारावरील आपला हक्क सोडून दिला. आंतली यंत्ररचना ज्याची त्यानें हवी तशी करावी. बाहेरची मूठ मात्र सर्वांची एकाच घडणीची असावी, असें ठरलें. चढाओढ कोठें असावी आणि एकवाक्यता कोठें असावी याची ही वांटणी मोठ्या शहाणपणाची होती. तिच्यामुळें निरनिराळे कारखाने सांधे करूं लागले व ते सारे एकमेकांशीं जुळूं लागले.

येथवर संघाची स्तुति झाली. आतां दुसरी बाजू पाहूं. संघाचा ठराव ही शिफारस होती, आज्ञा नव्हती. ज्याला पटलें त्यानें सांधा बसविला, ज्याला खर्च नको होता तो स्वस्थ बसला. देशांत सुमारें दहा लाख वाघिणी. आधीं शेजाऱ्यानें बसवावा, मग आम्हीं, असें जो तो म्हणूं लागला. १८८९ च्या जूनअखेर संपलेल्या एका वर्षांत अमेरिकन रेल्वेवरील १,९७२ नोकर मेले व वीस हजारांहून अधिक जखमी झाले. अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनीं त्याच सालीं काँग्रेसला बजावलें कीं, उपयुक्त धंदा करणाऱ्या कामगाराला रणांगणावरील शिपायाइतका धोका पत्करावा लागावा, हें आपल्या सुधारणेला लांछन आहे.

याच कंपन्यांना एकजूट करून झपाट्यानें काम करतां येत नव्हतें काय? येत होतें. दक्षिणेकडील कंपन्यांचे रूळ पांच फूट रुंदीचे, उत्तरेकडील त्याहून अरुंद. त्यामुळें मालाचा खोळंबा होई. त्यांनीं १८८६ च्या फेब्रुवारींत अटलांटा येथें सभा भरविली, आणि ३१ मे व १ जून या दोन दिवसांत हजारों मैलांचा एकेक रूळ तीन इंच आंत सरकवून टाकला! महिनोन् महिने तयारी झाली होती हें खरें. पण जेथें फायदा उघड होता तेथें एकमत व्हावयास चार महिने पुरले. जेथें ब्रेकमनच्या हातापायांचा प्रश्न होता तेथें मात्र योग्य उत्तर हातीं असूनही तेरा वर्षें गेलीं.

कारण २ मार्च १८९३ रोजीं हॅरिसन यांनीं सह्या केलेल्या कायद्यानें जी सक्ती झाली, तिची मुदत प्रथम १८९८ च्या आरंभापर्यंत होती. ती कंपन्यांनीं वाढवून घेतली, पुन्हा वाढवून घेतली, आणि अखेर ती १ ऑगस्ट १९०० ला संपली. मात्र या कायद्याचें एक कलम लक्षांत ठेवण्याजोगें आहे. रुळापासून सांधा किती उंचीवर असावा, हें काँग्रेसनें स्वतः ठरविलें नाहीं. तें कंपन्यांच्या ‘अमेरिकन रेल्वे असोसिएशन’ या संघानें नव्वद दिवसांत ठरवून कळवावें, न कळविल्यास सरकारी आयोगानें ठरवावें, असें त्यांत लिहिलें होतें. संघानें साडेचौतीस इंच ही उंची कळविली, आणि तीच कायद्याची झाली. ज्ञान संघाचें आणि दंड सरकारचा, असा हा मेळ होता.

मुदत संपल्यानंतर अवघ्या चार दिवसांनीं यूटा प्रांतांत एक अपघात झाला. तेथें एका ब्रेकमनला एंजिन एका भोजनाच्या डब्याला जोडावयाचें होतें. दोहोंवरही आपोआप लागणारे सांधे होते. पण एक जेनीचा, दुसरा निराळ्या जातीचा. ते एकमेकांशीं लागेनात, म्हणून तो मध्यें शिरला आणि आपला हात गमावून बसला. खालच्या कोर्टांनीं म्हटलें, दोन्ही सांधे आपोआप लागणारे आहेत, तेव्हां कायदा पाळला गेला. सुप्रीम कोर्टानें १९०४ सालीं हा निर्णय फिरविला. सांधे एकमेकांशीं लागत नसतील तर प्रत्येक आपापल्या परीनें कितीही उत्तम असून काय उपयोग, असा त्या निकालाचा आशय होता. संघाच्या कारागिरांना जें सतरा वर्षांपूर्वीं उमगलें होतें, तेंच हें.

फळ काय मिळालें? १८९३ सालीं वाघिणी जोडतांना-सोडतांना ४३३ माणसें मेलीं व ११,२७७ जखमी झालीं. १९०२ सालीं हे आंकडे १६७ व २,८६४ वर आले. वाहतूक वाढत असतांना ही घट झाली, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

पुढें पहिल्या महायुद्धानंतर कारागिरांचा हा संघ अमेरिकन रेल्वे असोसिएशनमध्यें विलीन झाला, आणि १९३४ सालीं तिच्यांतून व इतर संस्थांतून आजची ‘असोसिएशन ऑफ अमेरिकन रेलरोड्स’ जन्मास आली. परक्या वाघिणींचे नियम आजही उत्तर अमेरिकेंत तीच संस्था सांभाळते. आपल्याकडे जी. आय. पी., बी. बी. सी. आय. वगैरे कंपन्यांच्या काळांत असलें काम इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशन करीत असे. सांधा मात्र आपल्याकडे दीर्घकाळ मळसूत्री सांखळीचाच होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोठ्या वाघिणी आल्या, तेव्हां त्यांच्याबरोबर ही अमेरिकन घडणीची मूठ आपल्या रुळांवर आली.

श्रोतेहो, व्यवसायसंघ म्हटला कीं कोणाला तो भाव वाढविण्याचा कट वाटतो, तर कोणाला तो सर्व सुधारणांचा उगम वाटतो. या हकीकतीवरून मला तो या दोहोंच्या मधला वाटतो. योग्य सांधा कोणता हें सरकारला कधींही समजलें नसतें. तें संघाला समजलें. तो सर्वांनीं बसवावा हें संघाला कधींही करवलें नसतें; तें कायद्यानें करविलें. आणि कायदा होण्याची निकड निर्माण केली ती चिरडलेल्या बोटांनीं, आणि तीं बोटें विसरूं न शकलेल्या एका शेतकऱ्यानें. या तिघांची गांठ पडण्यास जितकीं वर्षें लागलीं, त्यांचें मोल कोणत्याही कंपनीच्या हिशेबाच्या वहींत लिहिलेलें नाहीं. पुढच्या खेपेस फाटकाशीं उभें राहून आपण वाघिणी मोजाल, तेव्हां दोन वाघिणींमधल्या त्या मोकळ्या जागेकडेही पाहावें. तेथें आज कोणी उभें नाहीं.