'द सी-वुल्फ' आणि सीलशिकारीचा धंदा

जॅक लंडन यांची १९०४ साली प्रसिद्ध झालेली 'द सी-वुल्फ' ही कादंबरी समुद्रावरच्या आत्मशोधाची आणि प्रेमाची कथा म्हणून ओळखली जाते. बोट बुडाल्यामुळे 'घोस्ट' या जहाजावर अडकलेला सुखवस्तू समीक्षक हम्फ्री व्हॅन वेडन, त्याला राबवून घेणारा क्रूर पण बुद्धिमान कप्तान वुल्फ लार्सन आणि पुढे समुद्रातून वाचवली गेलेली कवयित्री मॉड ब्रूस्टर या तिघांना एकत्र आणणारा उत्तर पॅसिफिकमधील सीलशिकारीचा धंदा मात्र केवळ पार्श्वभूमी मानला जातो, आणि हा त्या कादंबरीवर अन्याय आहे.

लंडन यांना हा धंदा ऐकीव नव्हता. १८९३ च्या जानेवारीत, वयाच्या सतराव्या वर्षी, ते 'सोफिया सदरलँड' या तीन डोलकाठ्यांच्या स्कूनरवर, म्हणजे लांबीच्या दिशेने शिडे बांधलेल्या वेगवान जहाजावर, खलाशी म्हणून दाखल झाले आणि बोनिन बेटांमार्गे जपानच्या किनाऱ्याजवळील शिकारक्षेत्रात गेले.

फर सील या सागरी सस्तन प्राण्याच्या कातड्यावर राठ केसांखाली दाट, मऊ लव असते आणि तिच्याच कोटांना युरोप-अमेरिकेत मोठी किंमत येई. हे प्राणी उन्हाळ्यात विणीसाठी बेरिंग समुद्रातील प्रिबिलोफ बेटांवर जमत. १८६७ साली अमेरिकेने रशियाकडून अलास्का विकत घेतल्यावर ही बेटे तिच्या ताब्यात आली आणि १८७० मध्ये एका कंपनीला वर्षाला एक लाखापर्यंत सील मारण्याचा वीस वर्षांचा मक्ता मिळाला. एक बलिष्ठ नर अनेक माद्यांचा कळप राखतो, त्यामुळे कळप नसलेले तरुण नर वेगळे हाकून मारले तरी वीण टिकते, असा या पद्धतीमागचा हिशेब होता.

भर समुद्रातील शिकारीत असा हिशेब शक्यच नव्हता. स्कूनरवरून लहान होड्या सोडल्या जात. प्रत्येकीत एक बंदूकधारी शिकारी, एक वल्हेकरी आणि एक सुकाणू धरणारा असे. पाण्यावर झोपलेला सील नर की मादी हे ओळखता येत नसे, आणि गोळी लागलेले कित्येक प्राणी हाती येण्यापूर्वीच बुडत. सर्वांत भयंकर बाब अशी की दूध पाजणाऱ्या माद्या अन्नासाठी बेटापासून फार दूर जातात आणि प्रत्येक मादी फक्त स्वतःच्याच पिल्लाला पाजते; त्यामुळे समुद्रात मादी मारली गेली की तिचे पिल्लू किनाऱ्यावर भुकेने मरे, आणि तिच्या पोटात वाढणारा पुढच्या वर्षीचा जीवही तिच्याबरोबर जाई.

१८८६ पासून अमेरिकेने बेरिंग समुद्रात कॅनडाची जहाजे पकडण्यास सुरुवात केली, तेव्हा ब्रिटनशी वाद पेटला. पॅरिसच्या लवादाने ऑगस्ट १८९३ मध्ये तीन मैलांपलीकडील समुद्र खुला ठरवला आणि बेटांभोवती साठ मैलांची बंदी घातली. माद्या त्याही पलीकडे जात असल्याने ती फारशी उपयोगी पडली नाही. १८९४ मध्ये समुद्रातील शिकारीने साठ हजारांहून अधिक कातडी मिळवली.

या वादाचे ज्ञान कादंबरीच्या उत्तरार्धात दिसते. निर्जन बेटावर पोहोचलेले हम्फ्री आणि मॉड झोपडीच्या छपरासाठी कातडी मिळवताना फक्त तरुण नर निवडतात, आणि त्यांना आधार असतो डेव्हिड स्टार जॉर्डन यांच्या लेखनाचा. जॉर्डन हे १८९६-९७ मध्ये फर सीलचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी आयोगाचे प्रमुख होते. 'घोस्ट'वरील सरसकट कत्तल आणि बेटावरील गरजेपुरती, निवडून केलेली हत्या यांतील हे अंतर नायकाच्या परिवर्तनाचाच भाग आहे. प्रेमकथेकडेच लक्ष देणाऱ्या वाचकाच्या नजरेतून ते निसटते.

कादंबरीनंतर सात वर्षांनी, ७ जुलै १९११ रोजी, अमेरिका, ब्रिटन, जपान आणि रशिया यांनी उत्तर पॅसिफिकमधील समुद्री सीलशिकार बंद करणारा करार केला. ती सोडून देण्याच्या मोबदल्यात जपान आणि कॅनडा यांना प्रिबिलोफ बेटांवरील कातड्यांतून प्रत्येकी पंधरा टक्के वाटा मिळाला. वल्ह्यांच्या वा शिडांच्या होड्यांतून, बंदुकीविना पारंपरिक शिकार करणाऱ्या किनाऱ्यावरील आदिवासींना मात्र या बंदीतून वगळण्यात आले.