पंपावरचा आकडा आणि घाटातला भार

टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या एका कॉलेजमित्राने परवा पेट्रोल पंपावरून फोटो पाठवला. तीन बटणं: 87, 89, 93. खाली मेसेज : "पत्रकार ना तू? सांग, कुठलं दाबू? टर्बो पिकअप आहे, मागे ट्रेलर आहे, कोलोरॅडोला निघालोय." मी म्हटलं, मला काय विचारतोस, गाडीचं मॅन्युअल वाच. पण प्रश्न डोक्यातून जाईना. वाचत गेलो, तर शंभर वर्षांचा इतिहास निघाला आणि तो थेट आपल्या पंपापर्यंत आला. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी थोडं यंत्राबद्दल. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये याचं पेटंट घेतलं. जादा हवा, जादा इंधन, जादा ताकद, असा सरळ हिशेब. अडचण एवढीच की दाब आणि उष्णता फार वाढली की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. आपला मेकॅनिक म्हणतो, "इंजिन ठोकतंय." भार ओढत चढ चढताना हा धोका सगळ्यात जास्त. न ठोकता हा दाब सोसण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये ऊर्जा जास्त, असं अजिबात नाही.

या ठोकण्यावर पहिला मोठा उपाय 1921 मध्ये सापडला. जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना कळलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग किंचित टाकलं की ठोकणं थांबतं. अल्कोहोलनेही ते थांबतं, हे तेव्हाही माहीत होतं. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकतो, त्यात मक्तेदारीचा नफा नाही. शिशाचं पेट्रोल बाजारात आलं ते 'इथिल' या नावाने. नावात शिसं नव्हतंच. 1924 मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार विषबाधेने दगावले. तरी मिजली यांनी पत्रकारांसमोर त्याने हात धुऊन दाखवले. आदल्याच वर्षी ते स्वतः शिशाच्या बाधेने रजेवर गेले होते! हे विष अमेरिकेच्या रस्त्यांवरून पूर्ण हटायला 1996 उजाडलं, आपल्याकडे 2000.

दुसरा उपाय 1962 चा. ओल्डस्मोबाइलच्या जेटफायर या टर्बो गाडीत पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती. ते मिश्रण इंजिनात फवारलं की आतली उष्णता कमी व्हायची. पण टाकी भरायची कोणी? मालकाने. मालक विसरले, टाक्या कोरड्या पडल्या, अनेकांनी टर्बोच काढून टाकला. दोन वर्षांत मॉडेल बंद.

म्हणून भार ओढायचं काम बरीच वर्षं डिझेलकडे राहिलं. डिझेल इंजिनात आधी नुसती हवा दाबली जाते, इंधन शेवटी फवारतात. त्यामुळे तिथे टर्बो निर्धास्त चालतो. 1989 मध्ये डॉज पिकअपमध्ये कमिन्सचं टर्बो डिझेल आलं. ताकद फक्त 160 अश्वशक्ती, पण ओढ जबरदस्त. उलट 1991 ची जीएमसी सायक्लोन ही पेट्रोल टर्बो पिकअप 280 अश्वशक्तीची, पण ट्रेलर ओढू नका अशीच तिच्याबाबत सूचना होती. नाव पिकअप, काम शर्यतीचं!

चित्र बदललं 2011 मध्ये. फोर्डने एफ-150 मध्ये 3.5 लिटरचं दोन टर्बोंचं पेट्रोल इंजिन दिलं. 365 अश्वशक्ती आणि योग्य जोडणीत सुमारे पाच टन ओढण्याची क्षमता, तीही साध्या 87 वर. हे जमलं कसं? पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारून आतली हवा थंड केली आणि ठोकणं ओळखणारा सेन्सर लावला. ठोकायला लागलं की कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण ताकद उतरते.

इथेच खरी गोम आहे. पूर्वी इंजिन ठोकायचं, ड्रायव्हरला ऐकू यायचं. आता काहीच ऐकू येत नाही. गाडी फक्त चढावर मंदावते आणि जास्त पेट्रोल पिते. फोर्डचंच मॅन्युअल सांगतं की कडक ऊन आणि ट्रेलर असेल तर 91 किंवा वरचं पेट्रोल चांगलं. जाहिरातीत आकडा मोठा, अट मॅन्युअलच्या आतल्या पानावर. त्यात कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात साधं पेट्रोल 85 चंच मिळतं. उंचावर हवा विरळ, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनांना ते पुरायचं. टर्बो मात्र ती विरळ हवाही दाबून भरतो. त्याला 85 चालत नाही.

पण माझ्या मित्राला निदान आकडा दिसला. तिकडे 1979 पासून प्रत्येक पंपावर ऑक्टेनचं पिवळं स्टिकर सक्तीचं आहे. (त्यांची मोजण्याची रीत वेगळी, त्यांचं 87 म्हणजे साधारण आपलं 91.)

आता आपल्याकडे या. ज्या अल्कोहोलला तेव्हा बाजूला सारलं, तेच आज आपल्या उसातून आणि मक्यातून 20 टक्के पेट्रोलमध्ये येतंय. त्यामुळे ऑक्टेन 91 वरून 95 वर गेलं, हे सरकार सांगतं आणि ते खरंही आहे. पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, हेही तितकंच खरं. ज्या इंजिनाची जुळणी 95 साठी केलेली आहे, त्याला ऑक्टेनचा फायदा मिळतो. जुन्या गाडीला तो मिळत नाही, तिचं मायलेज मात्र घटतं. आमच्या तालुक्यात बहुतेक उसाचे शेतकरी, त्यामुळे इथेनॉलच्या मी विरोधात नाही. कारखान्याला पैसा मिळाला तर उसाचं बिल वेळेवर निघतं. माझं म्हणणं एवढंच : दोन्ही आकडे, ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती, नोझलच्या वर ठळक मराठीत लिहा. 'इथिल' नावामागे शिसं दडलं होतं, त्याची किंमत जगाने जवळजवळ शंभर वर्षं मोजली.

मित्राने शेवटी 93 चं बटण दाबलं. त्याच्यापुढे तीन आकडे होते, म्हणून त्याला निवड करता आली. उद्या टाकी भरताना तुमच्या पंपावर काय लिहिलंय ते बघा. काहीच लिहिलं नसेल, तर मालकाला शांतपणे विचारा. पैसे आपण मोजतोय.