काळ्या मुलांची मुळाक्षरे

दलित साहित्याविषयी आपण बोलतो तेव्हा कविता, कथा, आत्मकथन यांवर हिरिरीने वाद घालतो. मुलांच्या पुस्तकाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. ते काम सरकारचे किंवा पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांचे, असे आपण जणू गृहीत धरले आहे. वास्तविक माणसाला समाजातली आपली जागा पहिल्यांदा कळते ती शाळेच्या पुस्तकातून. मी चौथीत असताना 'आमच्या अंगणातील तुळस' या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. आमच्या घराला अंगण नव्हते आणि तुळसही नव्हती. मी दुसऱ्याच्या अंगणातली तुळस लिहिली. दहापैकी आठ गुण मिळाले. खोटे लिहिले की गुण मिळतात, हा धडा मी अजून विसरलेलो नाही.

अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीशी आपले नाते आहे. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावच तिकडून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी काळ्यांचे साहित्य मराठीत समजावून सांगितले. पण काळ्यांनी आपल्या मुलांच्या हातात काय दिले, हे आपण फारसे पाहिले नाही.

हा प्रयत्न जुना आहे. ड्यू बॉइस यांनी जानेवारी १९२० मध्ये काळ्या मुलांसाठी 'द ब्राउनीज बुक' हे मासिक काढले. जेसी फॉसेट त्याची वाङ्मयीन बाजू सांभाळत. चोवीस अंक निघाले आणि डिसेंबर १९२१ मध्ये ते बंद पडले. वर्गणीदार पुरेसे मिळाले नाहीत. नियतकालिक चालवणाऱ्या आपल्यापैकी कोणाला याचे नवल वाटू नये.

नंतर काय झाले ते आकडेच सांगतात. नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६५ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. आधीच्या तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी काळा माणूस दिसला तो फक्त ३४९ पुस्तकांत. वीस वर्षांनी, १९८५ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालपुस्तक केंद्राने मोजणी केली. सुमारे अडीच हजार पुस्तकांत काळ्या लेखक-चित्रकारांची पुस्तके अठरा! मधल्या काळात नागरी हक्कांचे कायदे झाले होते. कायदा शाळेचे दार उघडतो. दप्तरात काय जाते ते दुसरेच कोणी ठरवत असते.

अशा वेळी वेड हडसन आणि शेरिल विलिस हडसन हे जोडपे पुढे आले. वेड लुइझियानातले, नागरी हक्क चळवळीत वावरलेले लेखक. शेरिल व्हर्जिनियातल्या, प्रकाशनसंस्थांत पुस्तकांची मांडणी करणाऱ्या. सत्तरच्या दशकात आपल्या लहान मुलीच्या खोलीसाठी काळ्या मुलांची चित्रे शोधताना शेरिलना हाती फारसे काही लागेना. मग त्यांनी स्वतःच कल्पना लढवली : काळी मुले आपली अंगे वळवून इंग्रजी मुळाक्षरांचे आकार करतात. प्रकाशकांनी ती नाकारली. अशा पुस्तकांना गिऱ्हाईक नाही, हे त्यांचे ठरलेले उत्तर. (हे वाक्य मराठीतही ऐकलेले आहे.) तेव्हा दोघांनी १९८७ मध्ये 'ॲफ्रो-बेट्स एबीसी बुक' स्वतःच छापले आणि १९८८ मध्ये न्यू जर्सीत 'जस्ट अस बुक्स' ही संस्था उभी केली. 'जस्ट अस' म्हणजे फक्त आपण. भरभर उच्चारले तर 'जस्टिस', न्याय.

हे प्रकाशन वाढले कसे, हा खरा प्रश्न आहे. मोठ्या दुकानांची मेहेरबानी त्याला नव्हती. काळ्यांची स्वतःची पुस्तकांची दुकाने, चर्च, शाळा, जत्रा-मेळावे, या वाटांनी पुस्तके घरोघर गेली. गिऱ्हाईक होतेच, त्याच्यापर्यंत जाण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. आपल्याला हे समजायला अवघड नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पथारी मांडून जेवढी पुस्तके खपतात तेवढी एखाद्या दुकानदाराला वर्षात खपवता येणार नाहीत.

पण त्या पथारीवर मुलांसाठी काय असते? बाबासाहेबांचे सचित्र चरित्र असते, आणि ते हवेच. हडसन यांनीही १९८८ मध्येच थोर काळ्या स्त्री-पुरुषांची ओळख करून देणारे पुस्तक काढले. ते तिथे थांबले नाहीत. १९९० मध्ये 'ब्राइट आइज, ब्राउन स्किन' आले. चित्रे जॉर्ज फोर्ड यांची. त्यात महापुरुष नाही, अत्याचार नाही. बालवाडीतली चार काळी मुले दिवसभर खेळतात, खातात, झोपतात. एवढेच. मला हे पुस्तक त्या चरित्रांपेक्षा अधिक धाडसाचे वाटते. आमच्या वस्तीतल्या मुलाला नुसते पावसात भिजू देणारे पुस्तक आम्ही अजून पुरेसे लिहिलेले नाही. दुःखाशिवाय आपण दिसूच शकत नाही, अशी सवय आपल्या लेखणीलाही लागली आहे काय?

बाजार आहे हे सिद्ध झाल्यावर मोठे प्रकाशकही आले. वेड यांनी निवडलेल्या कवितांचा 'पास इट ऑन' हा संग्रह १९९३ मध्ये स्कोलास्टिकने काढला. पुढे साखळी-दुकानांच्या स्पर्धेत काळ्यांची अनेक दुकाने बंद पडली. ज्या वाटांनी हे प्रकाशन वाढले त्याच आकसल्या. २०१३ मध्ये विस्कॉन्सिनच्या केंद्राकडे आलेल्या सुमारे ३,२०० पुस्तकांत काळ्यांविषयीची पुस्तके ९३ होती. एका घरातून चालणाऱ्या प्रकाशनाने सगळे चित्र पालटले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ते लहानच राहिले, पण टिकले. २०१८ मध्ये हडसन दांपत्याने संपादित केलेला, मुलांना धीर देणाऱ्या लेखनाचा एक संग्रह क्राउन या मोठ्या प्रकाशनाने 'जस्ट अस'च्या सहकार्याने काढला.