खोट्या मुद्रेचा दंड

पासपोर्ट कायदा, १९६७. त्यातले बारावे कलम सावकाश वाचले की एका गुन्ह्याच्या दोन शिक्षा दिसतात. खोटी माहिती देऊन पासपोर्ट काढला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण अर्जदार मुळात भारतीय नागरिकच नसेल आणि ते लपवून त्याने पासपोर्ट मिळवला असेल, तर किमान एक ते कमाल पाच वर्षे कैद, शिवाय दहा ते पन्नास हजार दंड. ही दुसरी पायरी १९९३ च्या दुरुस्तीने आली. आता कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला मुद्राध्यक्षाचा अध्याय पाहा. एक माष, म्हणजे पणाचा सोळावा हिस्सा, घेऊन हा अधिकारी मुद्रा देई आणि ती असलेल्यालाच जनपदात ये-जा करता येई. मुद्रेविना सापडलेल्या देशी माणसाला बारा पण दंड. मुद्रा खोटी निघाली तर देशी माणसाला पूर्वसाहस म्हणजे ४८ ते ९६ पण, आणि परदेशी माणसाला उत्तमसाहस म्हणजे ५०० ते १००० पण. दंडाच्या कमाल मर्यादा ताडून पाहा: पाच हजारांचे पन्नास हजार, शहाण्णवचे हजार. दोन्हीकडे परक्याला साधारण दहापट.

मधले टप्पे परिचयाचे आहेत. मनुस्मृती खोटे राजशासन लिहिणाऱ्याला मृत्युदंड सांगते, याज्ञवल्क्य उत्तमसाहसावर थांबतो. सदाशिवरावभाऊ म्हणून वावरणाऱ्या तोतयाला पेशवाईने १७७६ मध्ये देहान्त दिला. १८६० च्या दंडसंहितेने तोतयेगिरी करून ठकवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठरवली, भारतीय न्याय संहितेने ती पाचावर नेली. २०२५ च्या परकीय नागरिकांविषयीच्या कायद्यात खोट्या पासपोर्टावर देशात येण्या-राहण्याला किमान दोन ते कमाल सात वर्षे कैद आणि एक ते दहा लाख दंड आहे.

खरा प्रश्न असा, की देशी आणि परका हा भेद या शिक्षेत मुळात आला कुठून? याचे उत्तर पाटलीपुत्राच्या दरबारापेक्षा तगरच्या बाजारात शोधावे, असे माझे मत आहे. तगर म्हणजे आजचे तेर, हे फ्लीटने १९०१ मध्ये मांडले आणि पुढच्या उत्खननांनी ते पक्के केले. ‘पेरिप्लस’चा ग्रीक लेखक इसवी सनाच्या पहिल्या शतकात सांगतो, की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर आहे आणि तिथले जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांनी, बिकट वाटांवरून भडोचला जाते. त्या काळी दख्खनेत सातवाहन होते, तर भडोच क्षत्रपांकडे. दोघांचे इतके वैर, की कल्याणला चुकून लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे तगरचा व्यापारी घरून निघताना जानपद, म्हणजे देशी, असे आणि तीच गाडी, तोच माल घेऊन भडोचात शिरताना परका ठरे. एकाच प्रवासात माणसाची ओळख बदलते, तिथेच अशा दोन दरांच्या दंडाची गरज भासते.

यावर पहिला आक्षेप काळाचा. कौटिल्य मौर्यकाळातला मानला, तर हा नियम सातवाहनांच्या आधीचा होतो. अर्थशास्त्राची साक्षेपी आवृत्ती काढणारे रा. प. कंगले याच मताचे, आणि त्यांचा अधिकार मोठा. पण पॅट्रिक ऑलिव्हेल मूळ ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास आणतात, आणि ग्रंथातले एक पोवळे मला त्यांच्या बाजूला नेते. ‘आलकंदक’ नावाच्या त्या पोवळ्याचा संबंध काही अभ्यासक अलेक्झांड्रियाशी जोडतात. भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत पेरिप्लसही पोवळे सांगतो. ज्याच्या कोशागारात हे पोवळे आहे, त्याच्या नाक्यावर पश्चिमेचा व्यापारी उभा असणारच.

दुसरा आक्षेप वंशावळीचा. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती लागली १९०५ मध्ये. दंडसंहिता त्याच्या किती तरी आधीची, आणि पासपोर्टची सक्ती पहिल्या महायुद्धातून आलेली. त्यामुळे आजचे कलम कौटिल्याकडून आले, हा अभिमानी दावा टिकत नाही. सगळेच विलायतेतून आले, हेही तितकेच अपुरे. रक्ताचे नाते नसूनही चेहरा जुळतो, कारण नाक्यावरची अडचण तीच आहे: देशी माणूस खोटे बोलून पकडला गेला तर त्याचे घर, जमीन, जामीनदार राज्याच्या हातात असतात, परक्याच्या बाबतीत हातात असते ती फक्त मुद्रा.

म्हणूनच या कुळातला अधिक मोलाचा वारसा मला देशी-परक्याच्या भेदापेक्षा ‘मुद्रा नाही’ आणि ‘मुद्रा खोटी’ यांतल्या अंतरात दिसतो: बारा पण विरुद्ध ४८ ते ९६. तेरला रोमन सम्राटाच्या नाण्याचे ठसे घेऊन केलेली मातीची पदके सापडली आहेत. ती गळ्यात घालायची होती. नक्कल असूनही त्यांत कूट नाही, कारण मातीचे पदक सोने म्हणून कुणी खपवत नाही. फसवण्याचा हेतू हीच रेषा. मालाच्या बाबतीत कौटिल्य आणखी नेमका होतो: शिक्का नसलेल्या मालाला दुप्पट शुल्क, खोट्या शिक्क्याला आठपट. दंड लाभाच्या पटीत.

सरकारी मदतीच्या पैशांना हाच हिशेब लावायला हवा. आधार कायद्याच्या ३४ व्या कलमात नोंदणीवेळी दुसऱ्याचे सोंग घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. लाटलेली रक्कम किती, याचा त्या दंडाशी संबंध नाही. ‘लाडकी बहीण’ योजनेत महिना पंधराशे रुपये घेणाऱ्यांत चौदा हजारांवर पुरुष असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. त्यांत बाईच्या नावाने स्वतः पैसे उचलणारा एक, आणि बाईचे खातेच नाही म्हणून नवऱ्याचे खाते दिलेले घर दुसरे. पहिल्याची मुद्रा खोटी. दुसऱ्याकडे मुद्राच नाही. पहिल्याकडून रक्कम पटीत वसूल व्हावी आणि खटलाही चालावा. दुसऱ्या घरातल्या बाईचे खाते उघडून द्यावे. दोघांना एकच नोटीस धाडणे हा अन्याय आहे, आणि नाक्यावर बसलेल्या जुन्या मुद्राध्यक्षानेही तो केला नसता.