रेकॉर्ड प्लेयरचा आवाज कमी खर्चात कसा सुधारावा?

वडिलांनी किंवा आजोबांनी जमवलेल्या रेकॉर्ड्स कपाटातून बाहेर काढल्या, जुना प्लेयर सुरू केला, पण आवाज खरखरीत आणि दबलेला येतो, असा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी नवा प्लेयर घ्यावासा वाटतो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. पैसे मोजके असतील तर खर्चाला सुरुवात रेकॉर्डवर टेकणाऱ्या सुईपासून करावी आणि तिथून टप्प्याटप्प्याने स्पीकरकडे यावे. सुईने जे खाचेतून उचललेच नाही, ते पुढचा कितीही महाग अँप्लिफायर ऐकवू शकत नाही. शिवाय झिजलेली सुई रेकॉर्डच खराब करते. सुई नवी मिळते. पुन्हा न छापलेली रेकॉर्ड मिळेलच असे नाही.

आधी जवळजवळ बिनखर्चाची कामे

प्लेयर सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवावा. स्पीकर त्याच टेबलावर असतील तर त्यांची थरथर सुईपर्यंत पोहोचते आणि आवाज घुमतो. म्हणून ते वेगळे ठेवावेत.

त्यानंतर सुईचा दाब तपासावा. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या बहुतेक कार्ट्रिजना साधारण १.५ ते २.५ ग्रॅम दाब लागतो. नेमका आकडा कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात असतो. हा दाब मोजणारा छोटा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो. दाब जास्त झाला तर झीज वाढते. तो कमी ठेवला की रेकॉर्ड सुरक्षित राहते, हा मात्र गैरसमज आहे. दाब कमी असला की सुई खाचेत नीट बसत नाही, उडते आणि खाचेच्या भिंतींवर आदळते.

फिरण्याचा वेगही पाहावा. स्ट्रोबोस्कोपच्या छापील चकतीवर अनेकदा ५० आणि ६० हर्ट्झसाठी वेगवेगळी वर्तुळे असतात. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांचे वर्तुळ पाहावे. साध्या बल्बच्या उजेडात रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर आहे. सुरांना हेलकावे येत असतील तर अनेकदा सैल झालेला पट्टा कारणीभूत असतो, आणि तो बदलणे फार खर्चाचे नसते.

पहिला खर्च: सुई

मुंबईच्या चोर बाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या प्लेयरची सुई किती तास वाजली आहे, हे कळायला मार्ग नसतो. ती बदलायचीच, असे धरून चालावे. ऑडिओ-टेक्निका कंपनी आपल्या गोल टोकाच्या सुईचे आयुष्य सुमारे ५००, तर लंबगोल टोकाच्या सुईचे सुमारे ३०० तास सांगते. रोज एक तास ऐकणाऱ्या घरात लंबगोल सुई वर्षभरात बदलायला येते.

काही कार्ट्रिजमध्ये मूळ भाग तोच ठेवून फक्त वरच्या दर्जाची सुई बसवता येते. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम ९५ मालिका आणि ऑर्टोफॉनचे टू-एम रेड ही त्याची उदाहरणे. टू-एम रेडवर टू-एम ब्लूची सुई बसते. त्यामुळे आज साधी सुई घेऊन पुढे सुधारणा करता येते.

७८ च्या तबकड्यांची सुई वेगळी

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असतात आणि त्यांची खाच रुंद असते. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन असते; ७८ साठी साधारण ६५ ते ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची बारीक सुई ७८ च्या खाचेत तळाला घासते आणि आवाज खरखरीत येतो. ७८ ची जाड सुई एलपीवर तर लावूच नये. नाजूक खाच कायमची बिघडते.

साफसफाईतही हा फरक पाळावा. एलपीवरची धूळ प्रत्येक वेळी कार्बन फायबरच्या ब्रशने काढावी. ७८ च्या तबकडीला अल्कोहोल असलेले द्रावण कधीही लावू नये, कारण लाख त्यात विरघळते.

दुसरा खर्च: फोनो प्रीअँप्लिफायर

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा संकेत अवघा ३ ते ५ मिलिव्होल्ट असतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्जाचे स्वर कमी आणि वरचे स्वर जास्त केलेले असतात. हा बदल उलटवणे आणि संकेत वाढवणे ही दोन्ही कामे फोनो प्रीअँप्लिफायर करतो. तो नसेल तर आवाज बारीक आणि खर्ज नसलेला येतो. अनेक जुन्या अँप्लिफायरमध्ये तो आतच असतो. मागे ‘फोनो’ लिहिलेली जागा आहे का, हे खरेदीपूर्वी पाहावे. सतत गुणगुण ऐकू येत असेल तर अर्थिंगची तार जोडली आहे का, हेही तपासावे.

प्लेयर कधी बदलावा?

स्वस्त सूटकेस प्लेयरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते आणि सुईचा दाब बदलण्याची सोय नसते. त्यावर खर्च करत राहण्यापेक्षा दाब बदलता येणारा आणि कार्ट्रिज काढता येणारा साधा टर्नटेबल घेणे शहाणपणाचे ठरते. या सोयी असलेला प्लेयर घरात आधीच असेल, तर तो ठेवावा आणि उरलेले पैसे स्पीकरसाठी राखावेत.