मलमल

विरळ विणीचे, पातळ व मऊ सुती कापड. ‘मलमल’ शब्दाच्या उगमाविषयी एकमत नाही. युरोपातले ‘मस्लिन’ हे नाव सहसा इराकमधील मोसूल शहराशी जोडले जाते. अमेरिकी शिवणपुस्तकांतले ‘मस्लिन’ म्हणजे बहुधा कोरे, जाडसर कापड, आपला मांजरपाट. महागाच्या कापडाला कात्री लावण्याआधी बेत त्यावर पाहून घेतात. पुस्तकातला शब्द घेऊन नागपूरच्या गांधीबागेतील कापडबाजारात मलमल मागणाऱ्याच्या हाती म्हणूनच भलतेच कापड पडते.

नागपूर आणि बारीक सूत : ढाक्याची मलमल जगभर गाजली, नागपूरकडची ख्याती रेशीमकाठी धोतरांची, पागोट्यांची आणि लुगड्यांची. नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा येथील कोष्ट्यांच्या मागांवर ती विणली जात. बारीक सुताला लांब धाग्याचा कापूस लागतो आणि तो याच मुलखात पिकत होता. त्याचे नाव ‘बनी’. हिंगणघाट ही त्याची नावाजलेली पेठ. दर्जेदार मालाला व्यापारी पेठेच्याच नावाने ओळखत. १८६० च्या दशकात कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी या बियाण्यात भेसळ होऊ नये म्हणून बरीच खटपट केली. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे पोचली, १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि मागांवर गिरणीचे सूत चढले. शेतात ‘जरी’ नावाच्या आखूड, भरड कापसाने (कलाबतूच्या जरीशी याचा संबंध नाही) बनीला मागे रेटले, कारण जरीचे पीक भरघोस येई आणि रुईचा उतारा जास्त पडे. बनी मागे पडणे ही या भागाच्या वस्त्रेतिहासातली सर्वांत मोठी हानी म्हणावी लागेल.

निवड : दुकानातल्या कडकपणावर जाऊ नये, ती खळ असते. कापडाचा कोपरा दोन्ही मुठींत धरून चोळावा. पांढरी भुकटी झडली आणि वीण जाळीसारखी मोकळी दिसू लागली, तर धुतल्यावर हाती फडके उरेल. मग ते उजेडासमोर धरावे : जागोजागी जाड गाठी दिसल्या, तर सूत एकसारखे नाही. बाळाच्या झबल्या-टोपड्यांना एकसारख्या सुताचीच मलमल घ्यावी. पारा ४५ अंशांकडे सरकतो त्या दिवसांत नागपुरात तोंडाला गुंडाळायच्या दुपट्ट्यालाही हेच कापड सोसते. घाम टिपते आणि लगेच वाळते.

शिवण : कापड आटते, म्हणून आधी रात्रभर पाण्यात भिजवावे. मलमल कात्रीखाली सरकते. आडवा एक धागा ओढून काढला की सरळ रेघ उमटते, तिच्यावरून कापावे. मशीनला ९ नंबरची सुई, टाका बारीक. कडा उसवतात, त्यामुळे पहिली शिवण सुलट बाजूने घालून, कापड उलटवून दुसरी घालतात. दोरे आत झाकले जातात.

घरातील उपयोग : श्रीखंडाच्या चक्क्यासाठी दही टांगणे, पनीर गाळणे. विदर्भातल्या उन्हाळ्यात मोठे काम कुरडयांचे. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, पातळ कापडातून पिळून चीक काढतात. कापड फार विरळ असले तर कोंडा चिकात उतरतो आणि कुरडई काळपट पडते. त्यामुळे जाणत्या बायका नवी मलमल दुहेरी घेतात, किंवा अनेकदा धुतलेले जुने धोतर काढतात. धुऊन धुऊन सूत फुलते, छिद्रे लहान होतात. बांगलादेशात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल यांच्या चमूने खेड्यांत केलेल्या पाहणीत हेच कामी आले : जुन्या साडीच्या निदान चार घड्यांतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले (२००३). भारतात नारूच्या निर्मूलनातही पाणी कापडातून गाळण्यावर भर होता. फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. गाळलेले पाणी उकळण्याची गरज मात्र टळत नाही.

छपाई : ठशाचा रंग पलीकडे उतरतो, म्हणून खाली जुने कापड अंथरतात.