परिच्छेदाचें कूळ

परिच्छेद करून लिहिणें आपण इंग्रजांपासून शिकलों, अशी सुशिक्षित कुटुंबांतून सार्वत्रिक समजूत आढळते. ती अर्धीच खरी आहे. जुन्या पोथींत ओळ या समासापासून त्या समासापर्यंत भरलेली असे; मोडी दप्तरांत तर शब्द संपला तरी लेखणी उचलली जात नसे. एकोणिसाव्या शतकांत छापखाना आला, मेजर कँडीनें विरामचिन्हें रूढ केलीं, आणि मराठी पानावर मोकळी जागा दिसूं लागली. परंतु मोकळी जागा म्हणजे परिच्छेद नव्हे. एक गोष्ट हातीं घ्यावी व ती पुरी होईपर्यंत दुसरीस शिवूं नये, हा त्याचा प्राण. आणि ही विद्या आपल्याकडे इंग्रजी अंमलापूर्वीं पांचशें वर्षें होती.

यादवकाळीं म्हाइंभटांनीं लीळाचरित्र सिद्ध केलें, त्यांतील प्रत्येक लीळेस स्वतःचें नांव आहे. प्रसंग एक, कित्येकदां चार ओळींत आटोपलेला. केसोबासांचा दृष्टान्तपाठ याहून रेखीव आहे. चक्रधरस्वामींचे 114 दृष्टान्त त्यांत असून प्रत्येकाचीं अंगें तीन: आधीं सूत्र, मग दृष्टान्त, शेवटीं दार्ष्टान्तिक. हत्ती चांचपणाऱ्या आंधळ्यांची कथा सर्वांस ठाऊक आहे. ती येथें केवळ मौजेखातर येत नाहीं. वर सूत्र आहे म्हणून येते, आणि दार्ष्टान्तिकांत तिचा हिशेब चुकता होतो. सिद्धान्त, उदाहरण व त्यांची सांगड यांहून चांगल्या परिच्छेदास आणखी काय हवें?

परभणीकरांस हें परकें वाटण्याचें कारण नाहीं. शिशुपालवधाचे कर्ते भास्करभट्ट बोरीकर परभणीजवळच्या बोरीचे, व पंथ हाच. त्यांनीं ओंवी पत्करली. गद्य लिहिलें असतें तर आम्हांस अधिक आनंद झाला असता, पण तो हट्ट कवीश्वराशीं करणें शोभत नाहीं.

पुढें पंथानें आपले ग्रंथ सकळादि सांकेतिक लिपींत बंद केले, आणि मराठी गद्याचें हें घर कुलूपबंद झालें. 1874 सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमाला काढली, तेव्हां त्यांच्यापुढें जॉन्सन व मेकॉले होते, केसोबास नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे प्रभृतींच्या खटपटीनें तें कुलूप निघालें, तोंवर निबंधाचें वळण पडून गेलें होतें. शास्त्रीबोवांचा परिच्छेद भारदस्त खरा, पण पानभर चालतो, व वाचकास धाप लागते.

नरहर कुरुंदकर (1932–1982) यांचें कुरुंदा हें गांव 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यांतच होतें. त्यांच्या लेखांत आखूड वाक्यें येतात, प्रतिपक्षाचा आक्षेप त्याच्याच बाजूनें मांडला जातो, आणि तो निकालांत निघाल्यावांचून परिच्छेद संपत नाहीं. केसोबासांचें रक्त येथें दिसतें, असें आम्हांस वाटतें.

आमच्याकडे तपासावयास येणाऱ्या निबंधांत मुलें ओळी मोजून परिच्छेद तोडतात. त्यांस आम्ही एवढेंच सांगतों, कीं प्रत्येक परिच्छेदास समासांत लीळेप्रमाणें नांव द्या. दोन नांवें सुचलीं तर तेथें तोडा; एकही सुचलें नाहीं तर तो परिच्छेद काढून टाका. हाच प्रयोग आम्हीं परवां आमच्या एका जुन्या लेखावर केला. अकरांपैकीं चार परिच्छेदांस नांव मिळेना.